वायरलेस माऊस मधूनच अडखळतो? सेल बदलण्याआधी रिसीव्हरची जागा बदलून बघा

लग्नसराईत आमच्या साताऱ्याच्या दुकानात दिवसाला आठ-दहा पत्रिका लागतात. बहुतेक काम कोरलमध्ये, म्हणजे चित्र आणि मजकूर मांडायच्या कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये. पत्रिकेवरच्या गणपतीची सोंड नोड, म्हणजे रेषेवरचा बिंदू, ओढून वळवायची असते. डावं बटण दाबून नोड पकडलेला असतो, हात सरकत असतो आणि बाण जागचा हलत नाही. अर्धा सेकंद तसाच जातो आणि मग एकदम तीन बोटं पुढं उडी. सोंडेचा बाक गेला. कंट्रोल-झेड करायचं, पुन्हा पकडायचं, पुन्हा तेच. गिऱ्हाईक शेजारी खुर्चीवर बसून नावं तपासत असतं, बाहेर अजून दोघं थांबलेले असतात.

हा त्रास आम्ही जवळजवळ दोन महिने काढला. सेल तीनदा बदलले, माऊस दोनदा बदलला, दुसरा तर वेगळ्या कंपनीचा घेतला. विंडोज नव्यानं टाकायचीही तयारी झाली होती. तीच तक्रार माझ्याकडं आता दर आठवड्याला कुणी ना कुणी घेऊन येतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो. नवा माऊस आणायला निघाला असाल तर आधी हे वाचा.

आमच्या बाबतीत खरी खूण वहिनींना सापडली. पत्रिकांची अक्षरजुळणी त्याच करतात, म्हणजे त्या मशीनवर दिवसभर त्याच बसतात. एक दिवस म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगू का? तो फोटोवाला मुलगा आला की माऊस रुसतो. तो गेला की नीट चालतो."

आमच्याकडं अल्बमचं कामही येतं. फोटोग्राफर मुलं दुपारी आणि संध्याकाळी हार्ड डिस्क घेऊन येतात, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावतात आणि चाळीस-पन्नास जीबी फोटो उतरवतात. मी वहिनींना म्हटलं, आज तो आला की घड्याळ बघून लिहून ठेवा. त्यांनी पत्रिकेच्याच एका रद्दी कागदावर लिहिलं: सव्वाबाराला डिस्क लावली, माऊस बिघडला. बाराचाळीसला काढली, सुधारला. पाच वाजून दहा, पुन्हा तसंच. तीन दिवस हेच. मग शंका उरली नाही. मधूनमधून येणाऱ्या कुठल्याही दोषाला अशी नोंद सगळ्यात आधी लागते. काय बिघडलं त्याच्यापेक्षा केव्हा बिघडलं आणि त्या वेळी शेजारी काय चालू होतं हे लिहा.

आता असं का होतं ते सांगतो, कारण कारण कळलं की उपाय आपोआप सुचतात.

वायरलेस माऊस म्हणजे एक छोटासा रेडिओ आहे. आपण त्याला माऊस म्हणतो म्हणून हे विसरायला होतं. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत आपला माऊस जगाला दाखवला, त्याच्या आधीच त्याला उंदराचं नाव पडलं होतं ते त्या वायरीच्या शेपटीमुळं. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी बनवलेला पहिला नमुना लाकडी होता. पुढं शेपूट काढून टाकायचे प्रयत्न झाले. सुरुवातीला इन्फ्रारेड वापरलं, टीव्हीच्या रिमोटसारखं, त्यात मध्ये वस्तू आली की संपलं. १९९१ मध्ये लॉजिटेकनं रेडिओवर चालणारा माऊस बाजारात आणला आणि आज आपण वापरतो ते सगळे त्याच वाटेनं आलेले. शेपूट गेली, पण तिचं काम आता हवेतून होतं. वायर असती तर ती कुठं दबली, कुठं तुटली हे डोळ्यांनी दिसलं असतं. हवेतली दिसत नाही, एवढाच फरक.

हा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला. परवाना लागत नाही म्हणून सगळे तिथंच आले: वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस कीबोर्ड, हेडफोन, दुकानातला ब्लूटूथ स्पीकर. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो. या गर्दीत माऊसचा आवाज सगळ्यात बारीक, कारण त्याला एका पेन्सिल सेलवर महिनोन्महिने काढायचे असतात. त्याचं प्रक्षेपण एक-दोन मिलिवॉटच्या घरात असतं, राउटरचं त्याच्या कितीतरी पट. माऊस कुजबुजतो आणि कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला लावलेला नखाएवढा रिसीव्हर ती कुजबूज कान देऊन ऐकतो. रिसीव्हरच्या कानाशीच कुणी गोंगाट सुरू केला तर त्याला काय ऐकू येणार?

तो गोंगाट हार्ड डिस्क करत होती. यूएसबी ३.० मधून माहिती सेकंदाला ५ गिगाबिट या वेगानं धावते. इतक्या वेगानं चालू-बंद होणारी वीज स्वतःच रेडिओच्या लहरी सोडते आणि त्या नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतात. केबलचं टोक, पोर्टचा सांधा, डिस्कची पेटी, तिन्हीकडून ते गळतं. इंटेलनं २०१२ मध्ये याच विषयावर एक टिपण काढलं. त्यांच्या मोजणीत यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क लावल्यावर या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलनं वाढला. २० डेसिबल म्हणजे शक्ती शंभरपट. आमच्या कॅबिनेटला पुढं दोन निळे पोर्ट आहेत, एकमेकांना खेटून. एकात माऊसचा रिसीव्हर, दुसऱ्यात फोटोवाल्याची डिस्क. दोघांमध्ये जेमतेम बोटभर अंतर.

माऊसमध्ये दोष नव्हता, सेलमध्ये नव्हता, विंडोजमध्ये नव्हता. दोन माऊसचे पैसे आणि दोन महिन्यांचा वहिनींचा मनस्ताप मात्र गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तपासायचं कसं. एक चाचणी आधी करा, तिच्यावरून अर्धा निकाल लागतो: यूएसबीची साधी एक्स्टेन्शन केबल घ्या, एक-दीड मीटरची, आणि रिसीव्हर तिच्या टोकाला लावून माऊसपासून एक वीत अंतरावर टेबलावर ठेवा. मधे काहीही नको. ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी ही चाचणी करायची, एरवी करून उपयोग नाही. माऊस सुधारला तर दोष रेडिओच्या वाटेतला आहे. तसूभरही फरक पडला नाही तर दोष माऊसच्या पोटात, त्याच्या खाली किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आहे.

केबल जुन्या पद्धतीची, म्हणजे यूएसबी २.० ची घ्या. उलटं वाटेल, पण तीच बरी. तिच्यात चारच तारा असतात, वेगवान माहितीच्या जोड्या नसतातच. माऊसला तो वेग लागतही नाही. पुण्यात तपकीर गल्लीत मला ती शंभर-सव्वाशेला मिळाली, कुठल्याही गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात असते. आणि ती लावायचीही काळ्या किंवा पांढऱ्या पोर्टला, निळ्याला नको. पोर्टच्या आतली प्लास्टिकची जीभ बघा: निळी असेल तर बहुधा यूएसबी ३, शेजारी एसएस अशी खूण असेल तर नक्कीच. सगळे उत्पादक रंग पाळत नाहीत, त्यामुळं खूण बघणं जास्त खात्रीचं.

लॅपटॉप असेल तर डिस्क एका बाजूला आणि रिसीव्हर दुसऱ्या बाजूला, एवढ्यानंसुद्धा पुष्कळ फरक पडतो. यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी, वापरत असाल तर एकाच हबवर पेनड्राइव्ह, डिस्क आणि रिसीव्हर अशी गर्दी करू नका. हबची दाटी हे माझ्या बघण्यात आलेलं दुसऱ्या क्रमांकाचं कारण आहे.

डेस्कटॉप वापरणाऱ्यांची एक जुनी सवय इथं आड येते. रिसीव्हर हरवू नये, कुणी काढून नेऊ नये म्हणून तो कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावतात. कॅबिनेट टेबलाखाली, मागची बाजू भिंतीला टेकलेली. म्हणजे रिसीव्हर आणि माऊस यांच्या मधे पत्र्याची अख्खी पेटी आली. पत्र्यातून या लहरी जात नाहीत, बाजूनं वळसा घालून आणि भिंतीवर आपटून जेवढं पोचतं तेवढ्यावर काम चालतं. आपलं शरीरही त्या शोषून घेतं, मांडी मधे आली तरी फरक पडतो. टेबल लोखंडी असेल तर आणखी वाईट. एका पतसंस्थेत असंच होतं. सगळे काउंटर पत्र्याचे आणि कॅबिनेट त्यांच्या खणात बंद. तिथं मी एवढंच केलं, सगळे रिसीव्हर मॉनिटरच्या खालच्या पोर्टला आणले. ज्या मॉनिटरला पोर्ट नव्हते तिथं एक्स्टेन्शन केबल.

वायफायचं थोडक्यात सांगतो. राउटर माऊसच्या शेजारी, हातभर अंतरावर असेल तर तो आधी उचलून लांब ठेवा. शक्य असेल तर मोबाइल आणि कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या, म्हणजे मोठी वाहतूक त्या पट्ट्यातून निघून जाते. तसं जमत नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल 'ऑटो' वरून १, ६ किंवा ११ पैकी एकावर ठेवून बघा. या तिघांचे पट्टे एकमेकांवर चढत नाहीत. बहुतेक माऊस गर्दी दिसली की आपली वाट स्वतः बदलतात, त्यामुळं नुसत्या वायफायनं माऊस पूर्ण बंद पडला असं मी फार कमी वेळा पाहिलंय. लोक मात्र सगळ्यात आधी वायफायलाच दोष देतात.

एक्स्टेन्शनच्या चाचणीनं फरक पडला नाही तर

मग माऊस उलटा करा. खाली छोटी खिडकी असते, तिच्या आत एक बारीकसा कॅमेरा असतो. हो, खरोखरचा कॅमेरा. दिव्याच्या तिरप्या उजेडात तो टेबलाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि एका फोटोतली खरखर पुढच्या फोटोत किती सरकली यावरून माऊस किती हलला ते ठरवतो. खरखर दिसली नाही तर तो आंधळा. म्हणून काचेच्या टेबलावर बहुतेक माऊस चालत नाहीत आणि आरशासारख्या गुळगुळीत सनमायकावर बाण थरथरतो. खाली कॅलेंडरचं जुनं पान उलटं टाकून बघा. त्यानं सुधारलं तर माऊसपॅड घ्या, विषय संपला.

त्या खिडकीत एखादा केस अडकला असेल तर लक्षण अगदी वेगळं असतं, ते ओळखायला शिका. माऊसला हात लावलेला नसतानाही बाण जागच्या जागी थरथरतो, किंवा आडवा नीट जातो आणि उभा जाताना दगा देतो. रेडिओच्या अडचणीत असं होत नाही. तिथं बाण थांबतो आणि मग उडी मारतो. केस नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा, आत चमकतो. कोरड्या मऊ ब्रशनं काढा. फुंकर मारू नका, थुंकीचा थेंब भिंगावर गेला की नवा त्रास सुरू.

सेलबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण तिथं गैरसमज फार आहेत. नवा अल्कलाइन पेन्सिल सेल दीड व्होल्टच्या थोडा वर असतो. आपल्याकडं भिंतीवरच्या घड्याळासाठी म्हणून जे स्वस्त सेल मिळतात ते झिंक-कार्बनचे. घड्याळाला थेंबथेंब वीज लागते, तिथं ते उत्तम. माऊसला मात्र झोपेतून उठताना आणि संदेश पाठवताना झटका देऊन वीज लागते, आणि अर्धवट उतरलेल्या झिंक-कार्बन सेलला तो झटका झेपत नाही. मल्टिमीटर लावलात तर आकडा ठीक दिसतो, कारण मीटर त्याच्याकडून काही काम करून घेत नाही. म्हणून 'सेल तपासला, चांगला आहे' यावर विसंबू नका. खात्रीचा नवा अल्कलाइन सेल घालून बघा. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात. काही माऊसना ते चालतात, काहींचा बॅटरीचा दिवा पहिल्या दिवसापासून लाल होतो आणि माणूस उगाच घाबरतो.

दोन सेलचा माऊस असेल तर एक जुना एक नवा कधीही घालू नका. जुना आधी पाझरतो. सेलनं पाणी सोडलं की स्प्रिंगवर पांढरी-हिरवट पूड जमते, आणि मग सेल नवा असूनही मधूनच संपर्क तुटतो. माऊस जरा आपटला की चालू, पुन्हा बंद. कानातली कापसाची काडी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात किंचित बुडवून ती पूड पुसा, फसफस थांबली की कोरड्या काडीनं स्वच्छ करा आणि तासभर उघडा ठेवून वाळू द्या. ती पूड हाताला लागू देऊ नका, त्यातलं पाणी दाहक असतं.

आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत, निवृत्त, गावाचा इतिहास लॅपटॉपवर लिहितात. त्यांची तक्रार अशी: "लाईट गेली की माऊस मरतो." शेजारीपाजारी हसले. पण गुरुजींचं निरीक्षण अचूक होतं. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो. मग गुरुजी चष्मा काढून कागद चाळतात, चार-पाच मिनिटं माऊसला हात लागत नाही, आणि नंतर माऊस हलवला तर काही होत नाही. रिसीव्हर काढून पुन्हा लावला की चालू.

विंडोजला वीज वाचवायची असते, म्हणून ती वापरात नसलेला यूएसबी पोर्ट झोपवते. काही रिसीव्हर त्या झोपेतून नीट उठत नाहीत. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज. तिथं यूएसबी सेटिंग्जच्या खाली यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड. तिथं दोन ओळी असतात, ऑन बॅटरी आणि प्लग्ड इन. गुरुजींच्या लॅपटॉपवर प्लग्ड इनला डिसेबल्ड होतं आणि ऑन बॅटरीला एनेबल्ड. दोन्ही डिसेबल्ड केलं. शिवाय डिव्हाइस मॅनेजर उघडून युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्सच्या खालच्या प्रत्येक यूएसबी रूट हबवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी पहिली खूण काढली. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब किंवा ती सस्पेंडची ओळ दिसतच नाही, तिथं रिसीव्हर दुसऱ्या पोर्टला लावून बघण्यावाचून इलाज नाही. गुरुजींचा माऊस त्या दिवसापासून लाईट जाऊनही चालतो. ते मला दर वेळी आवर्जून सांगतात, "अजून चालतोय बरं का."

माऊस स्वतःही झोपतो, ती वेगळी गोष्ट. तो काही मिनिटांनी झोपी गेला आणि पहिल्या क्लिकला उठला तर तो दोष समजू नका, त्यामुळंच सेल टिकतो.

राहिलं एकदा दाबल्यावर दोनदा क्लिक होणं. फोल्डर निवडायला जावं तर उघडतो, ओढताना फाइल मधेच सुटते. रेडिओशी याचा काही संबंध नाही. बटणाखालच्या स्विचमध्ये तांब्याची पातळ पट्टी असते, ती झिजते किंवा तिच्यावर थर चढतो आणि एकाच दाबाला दोनदा टेकते. सोल्डरिंग जमणारा माणूस तीन पायांचा तो स्विच बदलून देतो. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं गेलात तरी काम होतं. त्याच्याकडं जाण्याआधी माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथंही दोनदा क्लिक झालं तरच स्विच बदला.

आमच्या दुकानात आता रिसीव्हर मॉनिटरच्या स्टँडच्या पायाशी असतो. दीड मीटरची केबल कॅबिनेटच्या मागच्या काळ्या पोर्टवरून टेबलाच्या कडेनं वर आणली आहे आणि तिचं टोक दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं बसवलं आहे. पुढच्या निळ्या पोर्टवर वहिनींनी कागदाची पट्टी लावली आहे, तिच्यावर त्यांच्याच अक्षरात 'फक्त हार्ड डिस्क' असं लिहिलंय. फोटोवाली मुलं येतात, डिस्क लावतात आणि पलीकडं वहिनी सोंडेचा नोड ओढत असतात. एप्रिल-मेच्या उन्हात ती टेप सुटते आणि रिसीव्हर टेबलामागं लोंबकळतो, तेव्हा माऊस पुन्हा अडखळायला लागला तर आधी खाली वाकून तेवढं बघायचं.